दिवाणखान्याची थकबाकी

अमेरिकन कथा-कादंबरीच्या एका मोठ्या दालनाला आपल्याकडे तीन कुलपे लावलेली आहेत. पहिल्या कुलपावर 'श्रीमंतांच्या गोष्टी' असे लिहिले आहे, दुसऱ्यावर 'प्रेमकथा' आणि तिसऱ्यावर 'भुताखेतांच्या गोष्टी'. सामाजिक बांधिलकीची भाषा बोलणारे पहिल्या कुलपापाशी थांबतात. खानदानी लोकांच्या मेजवान्या आणि त्यांचे रुसवेफुगवे वाचून आम्हाला काय मिळणार, असे म्हणून ते परत फिरतात. फुरसतीचे वाचक दुसऱ्या कुलपापाशी येतात, उंची पोशाख आणि अधुरी मुहब्बत एवढे पाहून खूश होऊन जातात. तिसऱ्या कुलपाकडे शहाणा माणूस फिरकतच नाही. भूत म्हणजे अंधश्रद्धा, किंवा रेल्वेच्या प्रवासात वाचून बाकावर सोडून द्यायचा माल, हे ठरून गेलेले आहे.

आमचे म्हणणे असे की ही तीन दालने नाहीत. दालन एकच आहे. उच्चभ्रू समाज कसा चालतो हे सांगायचे, तर त्या समाजाने काय काय बोलायचे नाही असे ठरवले आहे ते सांगावे लागते. प्रेमात पडलेली माणसे त्या न बोलण्याची किंमत मोजतात. आणि जी किंमत कुणीच मोजली नाही, जी दुसऱ्याच्या खात्यावर ढकलली गेली, ती रात्री जिना चढून वर येते. त्यालाच हे लेखक भूत म्हणतात. भूत ही दिवाणखान्याची थकबाकी आहे. ती वाचायला नकार देणारा टीकाकार, मग तो डावा असो की उजवा, दिवाणखान्याच्या मालकालाच मदत करत असतो.

हे सिद्ध करण्यासाठी आम्ही मुख्यतः एका बाईला साक्षीला बोलावतो. तिचे नाव ईडिथ वॉर्टन. जन्म १८६२, न्यूयॉर्क. मृत्यू १९३७, फ्रान्स. जन्माने जोन्स घराण्यातली. हे घराणे शहरातल्या वडिलोपार्जित जमीनजुमल्याच्या उत्पन्नावर जगणारे होते, म्हणजे धंदा करावा न लागणारे. तिच्या तरुणपणी न्यूयॉर्कच्या वरच्या वर्गाची मिजास अशी होती की १८९२ साली वॉर्ड मॅकअ‍ॅलिस्टर नावाच्या गृहस्थाने 'चारशे' जणांची यादी वर्तमानपत्रात छापून दिली. शहरात माणसे लाखो असतील, पण मोजण्यासारखी एवढीच! त्याच शहरातल्या कोंदट चाळींची छायाचित्रे जेकब रीस याने दोन वर्षे आधी, १८९० साली, पुस्तकात आणली होती. वॉर्टनबाई यादीतल्या बाजूच्या होत्या. त्यांच्या आईने लग्न होईपर्यंत कादंबरी वाचायला बंदी घातलेली होती. लिहायला कागद मिळत नसे, म्हणून मुलगी पार्सलांचे खाकी कागद गोळा करून त्यावर लिहीत असे. अकराव्या वर्षी तिने पहिली गोष्ट लिहिली. तिच्यातली बाई पाहुणीला म्हणते की तुम्ही येणार हे कळले असते तर दिवाणखाना आवरून ठेवला असता. आईने ते वाचले आणि थंडपणे सांगितले की दिवाणखाने नेहमी आवरलेलेच असतात. हा प्रसंग वॉर्टनबाईंनी पुढे १९३४ साली आपल्या आठवणींत नोंदवला. त्या आईच्या वाक्याला दिलेले उत्तर म्हणजे त्यांचे सारे लेखन, असे आम्ही मानतो.

आता पहिले कुलूप. श्रीमंतांच्या गोष्टी लिहिल्या हा गुन्हा आहे, असे म्हणणारे लोक अमेरिकेतही होते. व्ही. एल. पॅरिंग्टन या नामवंत अभ्यासकाने १९२१ साली वॉर्टनबाईंवर लेख लिहिला आणि त्यांना साहित्यातली सरदारीण ठरवले. एवढी कसबी लेखणी निरुपयोगी माणसांवर वाया गेली, असा त्याचा सूर होता. आपल्या चर्चासत्रांतून हाच सूर शंभर वर्षांनंतरही ऐकू येतो. गरिबावर लिहिले की पुरोगामी, श्रीमंतावर लिहिले की प्रतिगामी. जणू लेखक कोणत्या घरात शिरला एवढेच विचारायचे, तिथून काय घेऊन बाहेर आला ते पाहायचेच नाही.

वॉर्टनबाई काय घेऊन बाहेर आल्या ते 'द हाउस ऑफ मर्थ' या १९०५ सालच्या कादंबरीत पाहा. नायिका लिली बार्ट, वय एकोणतीस, देखणी, आईबाप नाहीत, पैसा नाही. श्रीमंतांच्या घरी पाहुणी म्हणून राहायचे, त्यांच्याबरोबर पत्ते खेळून हरायचे, त्यांच्यासारखे कपडे घालायचे आणि कुणीतरी पैसेवाला नवरा मिळेपर्यंत हसत राहायचे, हा तिचा व्यवसाय. ही कादंबरी आम्ही हिशेबाची वही म्हणून वाचतो. गस ट्रेनर नावाचा मैत्रिणीचा नवरा तिला सांगतो की तुझे पैसे मी बाजारात गुंतवतो. नंतर कळते की नफा म्हणून दिलेले पैसे त्याच्याच खिशातले होते आणि त्याचा मोबदला त्याला वेगळ्या रूपात हवा आहे. देणे होते नऊ हजार डॉलरचे. आत्या मरते, सारी इस्टेट दुसरीला जाते, लिलीच्या वाट्याला येतात दहा हजार. म्हणजे तिच्या इभ्रतीची आणि तिच्या उपासमारीची बेरीज लेखिकेने आकड्यात मांडलेली आहे. लिली टोप्या शिवणाऱ्या दुकानात कामाला बसते, तिथे तिचे हात चालत नाहीत, कारण तिला आयुष्यभर केवळ शोभेसाठी घडवलेले आहे. शेवटच्या रात्री ती ट्रेनरच्या नावाने धनादेश लिहून देणे फेडते आणि झोपेच्या औषधाचा जास्त डोस घेऊन संपते.

आणि या गोष्टीतली कळ कुणाच्या हाती आहे? जिने झाडणाऱ्या मिसेस हॅफन नावाच्या मोलकरणीच्या. लिलीचा सर्वनाश करणाऱ्या बर्था डॉर्सेटची चोरटी प्रेमपत्रे तिला कचऱ्यात सापडलेली आहेत, ती ती लिलीला विकते. वरच्या मजल्यावर कुणी कुणाला फसवले हे खालच्या मजल्याला ठाऊक असते, फक्त बोलण्याची मुभा नसते. ज्यांना ही कादंबरी निरुपयोगी श्रीमंतांची वाटते, त्यांनी मिसेस हॅफनची पाने वाचलेली नाहीत. इतके कडवट पुस्तक पहिल्याच वर्षी लाखाहून अधिक प्रतींनी छापले गेले. वाचकाला आपल्या खिशातली गोष्ट ओळखू आली होती.

दुसरे कुलूप प्रेमकथेचे. 'द एज ऑफ इनोसन्स' हे १९२० सालचे पुस्तक. मार्टिन स्कॉर्सेसी याने १९९३ साली त्यावर चित्रपट काढला, तेव्हापासून अनेकांना ते फुले, हातमोजे आणि उसासे यांचे पुस्तक वाटते. गोष्ट १८७० च्या दशकातली. न्यूलंड आर्चर हा वकील, मे वेलंड ही त्याची वाग्दत्त वधू, आणि युरोपातल्या बदफैली नवऱ्याला सोडून परत आलेली मेची मामेबहीण एलन ओलेन्स्का. एलनला तलाक हवा आहे. कायदा तिला आडवा येत नाही, कुळाचा रिवाज येतो. घराणे थेट नाही म्हणत नाही. ते आर्चरलाच, वकील म्हणून, तिची समजूत घालायला पाठवते. ज्याच्या मनात तिच्याबद्दल ओढ आहे त्याच्याच हातून तिच्या पायात बेडी घालून घेतली जाते. याला प्रेमकथा म्हणायचे असेल तर म्हणा, आम्ही याला कार्यपद्धती म्हणू.

मग शेवटाकडे निरोपाची मेजवानी येते. एलन युरोपला परत निघाली आहे, नव्या सुनेने घातलेली ही पहिली मोठी मेजवानी, चांदीची भांडी, उत्तम खाना, सगळे आप्तस्वकीय हजर. जेवताना आर्चरच्या ध्यानात येते की इथे बसलेला प्रत्येक माणूस आपल्याला एलनचा यार समजतो, आणि महिनोन्महिने सर्वांनी मिळून, एकही वावगा शब्द न उच्चारता, दोघांना वेगळे केलेले आहे. आवाज नाही, रक्त नाही, जमातपंचायतीची बैठकही नाही. फक्त नम्रपणे वाढलेले जेवण. शराफतीच्या नावाने माणसाला वाळीत टाकण्याचे इतके बारीक वर्णन आम्ही दुसरीकडे वाचलेले नाही. पुढे कळते की मेने आपण गरोदर असल्याचे एलनला आधीच सांगून टाकले होते, स्वतःला खात्री होण्यापूर्वीच. भोळेपणाचे युग ते हेच!

या भोळेपणाची आणखी एक गंमत. या पुस्तकाला १९२१ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. कादंबरीसाठी ते मिळवणारी वॉर्टन ही पहिली स्त्री. परीक्षकांची शिफारस सिंक्लेअर लुइसच्या 'मेन स्ट्रीट' या कादंबरीची होती, ती वरच्या मंडळाने फिरवली, कारण नियमाप्रमाणे पारितोषिक अमेरिकन जीवनाचे निकोप वातावरण आणि उच्च शिष्टाचार दाखवणाऱ्या कृतीला द्यायचे होते! ज्या पुस्तकाने शिष्टाचाराचा गळा दाबणारा हात दाखवला, त्याला शिष्टाचाराचे बक्षीस. वॉर्टनबाईंनी लुइसला पत्र लिहून आपली निराशा कळवली, आणि लुइसने पुढची 'बॅबिट' ही कादंबरी १९२२ साली त्यांना अर्पण केली. दोघांनाही विनोद समजला होता. मंडळाला समजला नाही, आणि केवळ पोशाख पाहणाऱ्या वाचकाला तो आजही समजत नाही.

प्रत्यक्षातही वॉर्टनबाईंना हे सोपे गेले नाही. त्यांनी १९१३ साली तलाक घेतला तो पॅरिसमध्ये. त्यांच्या जन्मगावच्या न्यूयॉर्क राज्यात १९६६ पर्यंत व्यभिचार सिद्ध करण्यावाचून तलाकचे दुसरे कारण कायद्याने मान्य नव्हते. एखादा समाज विवाहाच्या कायद्यामुळे मागासलेला आहे असा निवाडा झटपट देणाऱ्यांनी हे साल कुठेतरी लिहून ठेवावे.

आता तिसरे कुलूप, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचे. वॉर्टनबाईंनी भूतकथा लिहिल्या, हे त्यांचे चाहते जरा ओशाळून सांगतात. मोठ्या बाईंचा छोटा छंद, असे समजून पुढे जातात. वस्तुस्थिती उलट आहे. नवव्या वर्षी विषमज्वरातून उठताना त्यांच्या हाती दरोडेखोरांची एक भीतिदायक गोष्ट पडली आणि आजार उलटला. त्यानंतर सत्ताविसाव्या-अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत, भूतकथेचे पुस्तक ज्या खोलीत असेल तिथे त्यांना झोप लागत नसे. अशी पुस्तके त्यांना जाळावी लागली, असे त्यांनीच लिहून ठेवले आहे. अशी बाई पुढे आयुष्यभर भूतकथा लिहिते, आणि तिचा शेवटचा कथासंग्रह, मृत्यूनंतर १९३७ मध्येच बाहेर आलेला, 'घोस्ट्स' याच नावाचा असतो. याला छंद म्हणत नाहीत.

'आफ्टरवर्ड' ही १९१० सालची कथा घ्या. बॉइन पतिपत्नी अमेरिकन. नवऱ्याला 'ब्लू स्टार' नावाच्या खाणीत अचानक घबाड मिळालेले. दोघे इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यात जुने घर घेतात. अट अशी की घर गैरसोयीचे हवे आणि त्यात भूत हवे. पैसा आला की माणसाला जुनेपणाही विकत हवा असतो, त्यातलीच ही हौस. मैत्रीण सांगते, भूत आहे, पण ते भूत होते हे तुम्हाला फार नंतर कळेल. नवरा आता पुस्तक लिहायला बसला आहे, विषय 'संस्कृतीचा आर्थिक पाया'. एक दिवस एक सडपातळ तरुण येतो, साहेबांना भेटायचे म्हणतो. बायको स्वतःच त्याला वाचनालयाच्या दिशेने पाठवते. नवरा त्याच्याबरोबर बाहेर पडतो आणि पुन्हा कधीच परतत नाही. पुढे वकील येऊन सांगतो तेव्हा उलगडा होतो. हा तरुण एल्वेल. खाणीच्या व्यवहारात बॉइनने त्याच्यावर मात केली होती. एल्वेलने स्वतःवर गोळी झाडून घेतली, तो दोन महिने तडफडून मेला, त्याच्या कुटुंबासाठी वर्गणी गोळा करावी लागली. वकिलाच्या मते यात बेकायदेशीर काहीच नव्हते. तो निव्वळ धंदा होता.

संस्कृतीच्या आर्थिक पायावर ग्रंथ लिहिणाऱ्याच्या दारी त्याच्या संपत्तीचा पाया स्वतः चालत येतो, आणि त्याला ओळखायला घरातले कुणी तयार नसते! आम्हाला सांगा, कोणत्या बांधिलकीच्या कादंबरीने हे याहून सडेतोड सांगितले? पॅरिंग्टनसाहेबांनी ही कथा समोर ठेवली असती तर सरदारीण हा शब्द त्यांना गिळावा लागला असता. कायद्याच्या कोर्टात जो दावा टिकला नाही तो भुताने चालवला, एवढेच या कथेत अद्भुत आहे. बाकी सगळे वर्तमानपत्रात रोज येते.

'द लेडीज मेड्स बेल' ही १९०२ सालची कथा सांगते ती दासी आहे. हार्टली तिचे नाव, विषमज्वरातून नुकतीच उठलेली, कामाची गरज असलेली. हडसन नदीकाठच्या घरात ती लागते. मालकीण आजारी आणि सौम्य, मालक दारूडा आणि उद्धट. एक विचित्र रीत अशी की मालकीण दासीला बोलावण्यासाठी घंटी कधी वाजवत नाही, दुसऱ्या मोलकरणीला पाठवते. मग एका रात्री घंटी वाजते. बाहेर बोळात एमा सॅक्सन दिसते. मालकिणीची वीस वर्षांची जुनी दासी, जी मेलेली आहे. बोलत ती एक शब्दही नाही. मालकाच्या हातून काय घडते, मालकिणीचे गुपित काय, हे लेखिका उघड करत नाही. पण नवऱ्याच्या वाटेत उभे राहण्याची हिंमत त्या घरात फक्त मेलेल्या नोकराणीला झाली, हे आपण डोळ्यांनी पाहतो. जिवंत नोकराला ते परवडले नसते. त्याचा पगार गेला असता.

आणि 'ऑल सोल्स' ही १९३७ सालची, त्यांच्या अगदी अखेरच्या कथांपैकी एक. कनेक्टिकटमधले मोठे घर, ऑक्टोबरचा शेवट, बर्फ पडलेला, मालकिणीचा घोटा मोडलेला. सकाळी ती घंटी वाजवते, कुणी येत नाही. लंगडत सारे घर फिरते, एकही नोकर नाही. स्वयंपाकघरात एक माणूस परक्या भाषेत बोलत असल्याचा आवाज येतो. जाऊन पाहते तो रेडिओ. संपूर्ण कथेत भीती कशाची आहे? घंटी वाजवल्यावर कुणी न येण्याची. जे लोक रोज आपल्याभोवती वावरतात, त्यांचे स्वतःचे काही आयुष्य, काही रात्र, काही ओढ असू शकते, हे अचानक कळण्याची. हवेलीच्या मालकाला याहून मोठे भय कुठले असेल?

एका दुसऱ्या अमेरिकन लेखकाची साक्षही काढतो. हेन्री जेम्स, जन्म १८४३ न्यूयॉर्क, मृत्यू १९१६ लंडन, वॉर्टनबाईंचा मित्र. उर्दू वाचकाला तो परका नाही, कारण कुर्रतुलऐन हैदर यांनी त्याच्या 'द पोर्ट्रेट ऑफ अ लेडी' या कादंबरीचे 'हमीं चिराग, हमीं परवाने' या नावाने उर्दूत भाषांतर केलेले आहे. त्याची १८९८ सालची 'द टर्न ऑफ द स्क्रू' ही दीर्घकथा इंग्लंडात घडते. गरीब पाद्र्याची वीस वर्षांची मुलगी दोन अनाथ मुलांची शिक्षिका म्हणून लागते. मुलांचा काका लंडनचा देखणा रईस. त्याच्यावर ती भाळलेली. त्याची एकच अट, काहीही झाले तरी मला कळवायचे नाही. मग तिला मेलेला नोकर आणि मेलेली आधीची शिक्षिका दिसू लागतात आणि शेवटी मुलगा तिच्या मिठीत प्राण सोडतो.

एडमंड विल्सन या समीक्षकाने १९३४ साली म्हटले की भुते नव्हतीच, बाईच्या दबलेल्या मनाचे भास होते. तेव्हापासून पंडितांचा वाद चालू आहे. आम्ही पेशाने शिक्षक. बी.एड.ला आम्हाला शिकवले गेले की मूल बिघडले दिसले तर आधी त्याचे घर पाहा. या घरात पाहण्यासारखे कोण आहे? काका! जबाबदारी पैशाने दुसऱ्यावर टाकून स्वतः अदृश्य झालेला तो खरा अदृश्य पुरुष. मुलाला शाळेतून काढल्याचे पत्र येते तेही तो न फोडता पुढे धाडतो. सगळे निस्तरा, पण वर काही कळवू नका, हा हुकूम जगातल्या प्रत्येक शिक्षकाच्या ओळखीचा आहे. भूत खरे की भास, यावर नव्वद वर्षे शाई खर्च झाली, आणि काका आपल्या बंगल्यात निवांत राहिला. समीक्षकसुद्धा त्याची अट पाळत आले आहेत.

इथवर वाचून कुणी म्हणेल की आम्ही वॉर्टनबाईंच्या दरबारात कसीदा पढतो आहोत. तसे नाही. ज्या मापाने त्यांनी न्यूयॉर्क मोजले त्याच मापाने त्यांना मोजणे हे वाचकाचे कर्तव्य आहे, आणि त्या मापात त्या दोन ठिकाणी कमी भरतात.

पहिले ठिकाण 'द हाउस ऑफ मर्थ' मधला सायमन रोजडेल. तो यहुदी आहे, नवश्रीमंत आहे, आणि लेखिकेने त्याचे वर्णन करताना त्या काळच्या वरच्या वर्गाचा सगळा वंशद्वेष आपलासा केला आहे. त्याचे दोष त्याच्या जातीवर लादले आहेत. ट्रेनर आणि डॉर्सेट यांचे दोष मात्र त्यांचे स्वतःचे राहतात. पण गंमत अशी की लिलीशी उघडपणे, अटी सांगून, सौदा करणारा तोच एक पुरुष आहे. ज्याच्यावर लिलीचे मन जडलेले तो सुसंस्कृत लॉरेन्स सेल्डन तत्त्वज्ञान सांगत राहतो आणि ती मेल्यावर पोचतो. लेखिकेच्या द्वेषापेक्षा तिची नजर अधिक प्रामाणिक होती, एवढेच आम्ही म्हणू शकतो.

दुसरे ठिकाण आमच्या जिव्हारी लागणारे आहे. महायुद्ध चालू असताना १९१७ साली वॉर्टनबाई मोरोक्कोला गेल्या. फ्रान्सने १९१२ साली त्या देशावर आपले संरक्षण लादलेले होते, आणि बाई तिथल्या फ्रेंच रेसिडेंट जनरल लिओते यांच्या पाहुण्या होत्या. लष्करी मोटारीतून तीन-एक आठवडे त्या हिंडल्या, सुलतानाचा बकरी ईदचा सोहळा पाहिला, रबात, फेज आणि मराकेशच्या जनानखान्यांत बसून आल्या. 'इन मोरोक्को' हे पुस्तक निघाले १९२० साली. साल ध्यानात घ्या. 'द एज ऑफ इनोसन्स' त्याच साली आले. एकाच लेखणीची दोन पुस्तके. एकात न्यूयॉर्कचा दिवाणखाना हा पिंजरा आहे आणि त्यातल्या प्रत्येक बाईच्या पापणीची हालचाल टिपलेली आहे. दुसऱ्यात मोरोक्कोचा जनानखाना हा पिंजरा आहे, पण तिथल्या बाया फिकट, सुस्त, कंटाळलेल्या, एकीसारखी दुसरी. त्यांची भाषा बाईंना येत नव्हती. पुस्तक अर्पण केले आहे ते लिओते दांपत्याला, आणि जनरलच्या कामगिरीच्या गौरवासाठी एक स्वतंत्र प्रकरण आहे.

जनानखाना सुखाचे घर होते असे आम्ही म्हणत नाही. तसे म्हणणारा आमच्या लेखी त्या निरोपाच्या मेजवानीतला पाहुणा आहे. आमची तक्रार वेगळी आहे. जी लेखिका मुक्या, मेलेल्या एमा सॅक्सनला साक्षीला उभी करू शकते, तिला समोर बसलेली, जिवंत, बोलणारी बाई मुकी का दिसली? उत्तर तिच्याच कथांत आहे. बॉइनबाईंना घरात भूत हवे होते, पण आपल्या नवऱ्याच्या खाणीतून आलेले भूत ओळखू आले नाही. लिओतेच्या मोटारीत बसलेल्या वॉर्टनबाईंना फ्रेंच सत्तेच्या खाणीतून निघालेले भूत ओळखू आले नाही. यजमानाचे मीठ खाल्ले की नजर अधू होते, हे न्यूयॉर्कच्या बाबतीत ज्यांनी जगाला शिकवले, त्यांनी मोरोक्कोत स्वतःचा धडा वाचला नाही.

थकबाकी मात्र इथेही चालत आली. फेज शहरात १९४० साली एक मुलगी जन्मली. फातिमा मर्निसी तिचे नाव. ती पुढे समाजशास्त्रज्ञ झाली, २०१५ साली वारली. १९९४ साली तिने इंग्रजीतून 'ड्रीम्स ऑफ ट्रेसपास' हे पुस्तक लिहिले, फेजच्या एका घरंदाज जनानखान्यातल्या बालपणाचे. त्यात बायका गच्चीवर नाटके करतात, गोष्टी रचतात, कुंपण कुणी घातले यावर वाद घालतात, पुरुष बाहेर पडले की कुलुपातला रेडिओ काढून कैरो केंद्र लावतात. त्या कंटाळतात, चिडतात, एकमेकींशी भांडतातही. एकीसारखी दुसरी तर मुळीच नाही. कुंपणाबद्दलचा राग वॉर्टनबाईंच्या रागाहून कमी नाही, पण राग करणारी आता स्वतः आहे. हे पुस्तक वॉर्टनच्या पुस्तकाशेजारी ठेवून वाचा. वाजलेली घंटी ऐकू येईल.

म्हणून आमची मागणी साधी आहे. या साहित्याची कुलपे काढा. महाविद्यालयात 'द एज ऑफ इनोसन्स' शिकवणाऱ्यांनी त्याच तासाला 'आफ्टरवर्ड' शिकवावी आणि पुढच्या तासाला 'इन मोरोक्को' उघडावे. उर्दूत हैदर यांनी एक दार उघडून दिलेच आहे. मराठीत कुणी भाषांतराला हात घालणार असेल तर त्याने प्रेमकथेपासून नव्हे, दासीच्या घंटीपासून सुरुवात करावी. बांधिलकीवाल्यांनी भुताला अंधश्रद्धा म्हणून हाकलण्याआधी ते कुणाचे भूत आहे, त्याचे काय देणे बाकी आहे, एवढे तरी विचारावे.

आणि आमच्यासारख्या वाचकांनी, ज्यांच्यावर इतरांनीच फार लिहिले आहे, रागावून पुस्तक मिटू नये. मिटलेल्या पुस्तकातून हिशेब वसूल होत नाही. मोठ्या लेखकाकडे आपला इन्साफ मागायला जाताना त्याचीच वही घेऊन जावे. वॉर्टनबाईंची वही चोख आहे. तिच्यात त्यांच्या नावावरची बाकीही वाचता येते.